चौरंगावरची किल्ली

नीतू: नऊ अडतीसला सतवासच्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर बंद पडला. आता दहा वाजून पाच झालेत. तरुण, ऐकू येतंय का तुला?

तरुण: येतंय, पण अर्धं. मी देवीच्या टेकरीवर दर्शनाच्या लाइनीत लागलेला आहे. पुढे ढोल, मागे पूर्ण देवास. जोराने बोल.

नीतू: सतवास बंद आहे! सत्तावीस मिनिटं झाली, हा माझा चौथा फोन.

तरुण: अरे तर भास्करला म्हण चालू कर. ऑपरेटर कशाला ठेवलाय त्यांनी?

नीतू: भास्करने आठ वेळा चालू केला. स्क्रीनवरचं बटण दाबलं की चालू होतो, दोन सेकंदांत परत बंद. तो म्हणतो, ताई, आज नवमी, कुणीतरी कोपलंय.

तरुण: वैसे, काल संध्याकाळी अपडेट कोणी टाकलं होतं?

नीतू: मी टाकलं. तीनदा तपासून टाकलं. तरी चूक असेल तर त्यातच असेल, म्हणून तर मला मशीनच्या आत जाऊन बघायचंय. आणि जाता येत नाही.

तरुण: का?

नीतू: का म्हणून मला विचारतोस? माझी किल्ली कुठे आहे?

तरुण: अरे देवा. चौरंगावर.

नीतू: तुझी?

तरुण: ती पण चौरंगावर. सगळ्यांच्याच. पाचही किल्ल्या झेंडूच्या मधोमध, एकदम मस्त. फोटो टाकला ना मी ग्रुपवर. तू अंगठा पण दिला होतास.

नीतू: दिला होता.

तरुण: क्या यार नीतू. महिनाभर तू आमचं डोकं खाल्लंस. म्हणे ही पेनड्राइव्हएवढी किल्ली लॅपटॉपला लावल्याशिवाय कोणी कुठल्या कोल्डच्या मशीनमध्ये घुसायचं नाही. किल्ली हातातून सोडायची नाही. बायकोला पण द्यायची नाही. आणि तूच ती धारहून बसच्या कंडक्टरबरोबर पाठवलीस!

नीतू: भैयासाहेबांचा निरोप होता. खंडेनवमीला सगळ्यांची हत्यारं ऑफिसच्या पूजेत.

तरुण: तर नाही म्हणायचं. तू तर मालकाला पण नाही म्हणतेस, आम्हाला माहीत आहे.

नीतू: आमच्याकडे आज लेथपासून कानशीपर्यंत सगळं पूजेत आहे. पणजोबा दरबारच्या तलवारी पाजळायचे, तेव्हापासूनचं आहे हे. बाबा आज नटबोल्टाचा पानासुद्धा उचलत नाहीत. मी एकटीने माझं हत्यार कपाटात लपवून ठेवायचं? नाही ठेवलं. चुकलं. पुढचं बोल.

तरुण: आत किती आहे?

नीतू: बंद पडला तेव्हा तीन पॉइंट आठ. भास्करने आत्ता थर्मामीटरचा फोटो पाठवला, साडेचार. लावणीसाठी माल निघतोय, दार सारखं उघडतंय. सात झालं की पोत्यांना घाम सुटेल. बेण्याचा बटाटा आहे, तरुण. ओला बटाटा जमिनीत गेला की उगवत नाही, सडतो.

तरुण: हाताने चालवायचा स्विच होता ना भिंतीवर?

नीतू: तो आपणच बंद करायला लावला. ऑपरेटर दुपारी वीज वाचवायला कॉम्प्रेसर थांबवून ठेवायचे म्हणून. माझीच सूचना.

तरुण: तुझ्या सूचना ना, नीतू, एखाद दिवशी आपल्या सगळ्यांना बाहेरून कडी लावतील.

नीतू: लावली आहे. आज.

तरुण: एक सांगू? भडकू नको.

नीतू: आधी सांग.

तरुण: जुना रस्ता आहे. ते फुकटवालं अ‍ॅप, समोरच्याची स्क्रीन आपल्याला दिसायची, इथून चालवता पण यायची ते. सतवासच्या मशीनवर अजून आहे.

नीतू: सप्टेंबरमध्ये ते सगळ्या मशीनवरून काढायचं काम तुझं होतं. तू यादीत प्रत्येक नावापुढे खूण केलीस. सही केलीस.

तरुण: सरदारपूरचं काढलं. मनावर गावचं काढलं. बाकीचे पण. सतवासचं राहू दिलं. जंगलाकडचं गाव, भिया, अडीअडचणीला एक खिडकी पाहिजे का नको? पासवर्ड पण तोच आहे.

नीतू: तोच म्हणजे सगळ्या ऑपरेटरांना, सोडून गेलेल्या सगळ्या पोरांना आणि ऑफिसखालच्या चहावाल्याला माहीत असलेला.

तरुण: चहावाल्याला नाही. त्याच्या भावाला.

नीतू: तरुण!

तरुण: अरे त्याने एकदा प्रिंटर ठीक केला होता. सुन, मी फोनवरून दोन मिनिटांत घुसतो, बघतो, निघतो. कोणाला कळणार नाही.

नीतू: कळणार नाही, हेच तर दुखणं आहे. ऑगस्टमध्ये सरदारपूरला कोणी पंखे बंद केले? नोंदीत काय होतं? अ‍ॅडमिन. आपण पाचही जण अ‍ॅडमिन होतो. आणि ड्युटी माझी होती, म्हणून अ‍ॅडमिन म्हणजे नीतू. तिथे व्यापाऱ्यांसमोर हात जोडून कोण उभं राहिलं?

तरुण: तू.

नीतू: मी त्या दिवशी त्या मशीनला हात लावला नव्हता. एकाने तरी मानलं?

तरुण: मी मानलं होतं.

नीतू: तू म्हणाला होतास, होतं असं, चाय पी ले.

तरुण: तेच तर मानणं असतं, यार.

नीतू: आज परत कोणीतरी अ‍ॅडमिन म्हणून आत गेलं आणि अजून काही बिघडलं, तर संध्याकाळी परत माझंच नाव घेतील. आधी भैयासाहेबांना कॉलवर घे. त्यांनी किल्ली नाही दिली तर तुझ्या खिडकीचं बघू. माझा फोन ते पूजेत उचलत नाहीत, तुझा उचलतात.

तरुण: कारण मी कामाचं बोलायला कधीच फोन करत नाही. थांब. लागला. हॅलो, भैयासाहेब? तरुण बोलतोय. नीतू पण आहे लाइनीवर, धारहून.

उदाजीराव: बोला. आरती आत्ताच आटोपली. सतवासचं ऐकलं आम्ही. तिथल्या शेठचे दोन फोन येऊन गेले. त्यांना सांगितलं, आमची नीतू बघते आहे, निर्धास्त असा.

नीतू: नीतू बघू शकत नाही, भैयासाहेब. माझी किल्ली आपल्यासमोर आहे.

उदाजीराव: आहे ना. डावीकडून दुसरी, निळ्या दोऱ्याची.

नीतू: ती उचलावी लागेल.

उदाजीराव: नवमीला पूजेतलं शस्त्र उचलत नाहीत. उद्याचा मुहूर्त दोन वाजून सतरा मिनिटांचा आहे. त्यानंतर पहिली किल्ली तुझी.

नीतू: उद्या दोन सतरापर्यंत सतवासमध्ये बटाटा नसेल, चिखल असेल.

उदाजीराव: नीतू, ह्या चौरंगावर दोन तलवारी आहेत, एक कट्यार, आमच्या तीर्थरूपांचं टाकाचं पेन आणि तुमच्या किल्ल्या. देवासला आमच्या घराण्याची सातवी पिढी. आजवर कोणी नवमीला ह्यातलं काही उचललेलं नाही.

नीतू: आजवर नवमीला कोणी काही मागायला आलेलं नाही.

तरुण: नीतू, हळू.

उदाजीराव: बोलू दे तिला. खरं आहे ते. पण मग मलाही बोलू दे. महिन्यापूर्वी ह्याच खोलीत तू तीन पर्याय मांडलेस. पहिला, आपला जुना. म्हणालीस, हा म्हणजे घराची किल्ली उंबऱ्यावर ठेवून बाजारात जाणं. दुसरा तो बोगदा.

नीतू: व्हीपीएन.

उदाजीराव: तेच. एकदा आत शिरलं की सगळ्या गोदामांची दारं उघडी. तिसरा हा. ज्याची त्याची किल्ली, ज्या त्या मशीनचं वेगळं दार, कोण किती वाजता आलं आणि काय करून गेलं त्याची नोंद. तिन्हींत महाग. तरी मी हो म्हटलं. फक्त एक विचारलं, घाईच्या वेळी ह्यात अपवाद करता येईल का? तू काय उत्तर दिलंस?

नीतू: आठवतंय मला.

उदाजीराव: मला शब्दन्‌शब्द आठवतं. अपवादाला कारण नेहमी चांगलंच असतं, म्हणूनच तो करायचा नसतो. मला इतकं आवडलं ते, घरी उमाबाईंना जेवताना सांगितलं. आता तूच सांग, तुझ्या नियमाला अपवाद नाही, मग माझ्याच नियमाला का?

नीतू: भैयासाहेब, चूक माझी आहे. पाचही किल्ल्या एका ठिकाणी जाणार होत्या तर सहावी सुटी ठेवायला हवी होती. तो नियम मी केला नाही. मला सण माहीत होता, तारीख माहीत होती, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही. ह्याची शिक्षा मला द्या. सतवासच्या लोकांनी काही चौरंगावर ठेवलेलं नाही.

उदाजीराव: शिक्षेचा प्रश्न नाही. उद्या चाचणीचे तीस दिवस संपताहेत. दसऱ्याच्या मुहूर्तावर मी करारावर सही करणार होतो. आता वाटतं, जुनाच कारभार बरा. त्यात निदान कोणी अडत तरी नव्हतं.

नीतू: त्यात मी अडले होते.

उदाजीराव: ते झालं, गेलं.

नीतू: आपल्यासाठी गेलं. सरदारपूरचे लोक अजून मला पंखेवाली बाई म्हणतात. फोनवर माझा आवाज ऐकला की म्हणतात, दुसऱ्या कोणाला द्या.

तरुण: भैयासाहेब, दहा वाजून चाळीस होताहेत. भास्करचा मेसेज आला, पाच झालं.

उदाजीराव: पाच? अर्ध्या तासात अर्धी डिग्री?

नीतू: दार उघडं आहे. गाड्या भरायच्या थांबत नाहीत. भैयासाहेब, एक विचारते. आरती कशावर लावली होती?

उदाजीराव: काय?

नीतू: आरती. ऑफिसात ती कॉम्प्युटरवर लावता ना आपण दरवर्षी?

उदाजीराव: हो, तो रिसेप्शनवरचा लॅपटॉप. बाकी सगळे हार घालून बंद आहेत.

नीतू: म्हणजे तो पूजेत नाही.

उदाजीराव: तो नाही. त्यावर पूजा चालते.

नीतू: महिन्यापूर्वी आपल्याला दाखवलं ते त्याच लॅपटॉपवर. त्याला परवानगी आहे. मग किल्ली उचलू नका. लॅपटॉप किल्लीपाशी न्या. चौरंगावर ठेवा आणि सरकवत त्याची खाच किल्लीला लावा. किल्ली आहे तिथेच राहील.

उदाजीराव: सरकवताना ती हलेल.

नीतू: हलू दे. गंध लावताना देवसुद्धा हलतात.

तरुण: वाह. क्या वकील बनली असतीस.

उदाजीराव: थांबा. उमाबाई इथेच आहेत, त्यांनी सगळं ऐकलंय. काय म्हणता? बरं. त्या म्हणताहेत, चौरंगावरून खाली नाही आली म्हणजे उचलली नाही. शिवाय मला म्हणताहेत, सात पिढ्या नंतर मोजा, आधी चष्मा लावा.

तरुण: काकीसाहेबांना माझा मुजरा सांगा.

उदाजीराव: तू दर्शन घे. हं. ठेवला लॅपटॉप. झेंडू बाजूला करतो, एवढं चालेल. सरकवला. लागली. किल्लीवर हिरवा दिवा लुकलुकतोय.

नीतू: आता पिन मागेल. सहा आकडे. भैयासाहेब, आधी एक कागद घ्या आणि लिहा. दहा अठ्ठेचाळीस, किल्ली नीतूची, बसलेले उदाजीराव, पिन नीतूने फोनवर सांगितला. तरुण हजर.

उदाजीराव: आत्ता हे लिहायचं?

नीतू: आत्ताच. नोंदीत फक्त माझं नाव येईल. मी तिथे नाही, हे दुसरीकडे कुठेतरी लिहिलेलं हवं.

उदाजीराव: लिहिलं. सही केली. उमाबाईंनीही केली.

नीतू: चार, शून्य, सात, सात, एक, नऊ. तरुण, तू कान बंद कर.

तरुण: इथे ढोलात मला माझं नाव ऐकू येत नाहीये.

उदाजीराव: म्हणतंय, किल्लीला स्पर्श करा.

नीतू: मधल्या सोनेरी गोलावर बोट टेकवा. कुंकू लावतो तसं.

उदाजीराव: कुंकू लावलेलंच आहे त्यावर.

नीतू: मग परत लावा.

उदाजीराव: उघडलं. आपलं स्वागत आहे, नीतू. खाली गावांची नावं आली.

नीतू: सतवासवर दाबा. आता आपल्याला त्यांची स्क्रीन दिसेल. कॉम्प्रेसरच्या चौकटीत काय लिहिलंय?

उदाजीराव: थांबवला. लाल. आता हिरवं झालं, चालू. परत लाल. थांबवला.

नीतू: हिरवं केलं ते भास्करने. लाल कोण करतंय? खाली उजव्या कोपऱ्यात माणसाचं चित्र आहे, ते दाबा. आत्ता मशीनमध्ये कोण कोण आहे ते दिसेल.

उदाजीराव: दोघे आहेत. एक नीतू, दहा एक्कावन्नपासून. तो मी.

नीतू: आणि दुसरा?

उदाजीराव: अ‍ॅडमिन. नऊ अडतीसपासून.

तरुण: च्या मारी. माझ्या खिडकीतून कोणीतरी घुसलंय.

नीतू: म्हणजे अपडेटमध्ये चूक नव्हती. त्या ओळीवर टिचकी मारा, भैयासाहेब. तो कुठल्या कॉम्प्युटरवरून आलाय त्याचं नाव येईल.

उदाजीराव: आलं. इंग्रजीत आहे. नीतू, मध्ये रेघ, ओल्ड.

तरुण: काय?

उदाजीराव: नीतू-ओल्ड. नऊ अडतीस. नीतू, तू आधीपासून आत आहेस.

नीतू: मी आत नाही. मी माझ्या खोलीत आहे, माझा लॅपटॉप माझ्यासमोर आहे आणि त्याला किल्ली नाही.

उदाजीराव: ऑगस्टमध्येही तू हेच म्हणाली होतीस.

नीतू: भैयासाहेब, तो माझा जुना लॅपटॉप आहे. जुलैमध्ये नवा मिळाला तेव्हा जुना पुसून ऑफिसला पाठवायचा होता. तो राहिला. माळ्यावर आहे, बॅटरी मेलेली आहे.

तरुण: मेलेला लॅपटॉप सतवासला कसा गेला?

नीतू: बघून येते. फोन ठेवू नका कोणी. आणि त्या ओळीचा फोटो काढून ठेवा.

(नीतू फोन हातात धरूनच माळ्याच्या शिडीवर चढते, उतरते आणि मग घराच्या मागे वडिलांच्या कारखान्यात जाते.)

उदाजीराव: तरुण, हे अ‍ॅप सतवासवर राहिलं कसं?

तरुण: भैयासाहेब, दर्शन घेतो, खाली येतो, मग सगळं सांगतो.

उदाजीराव: आत्ता सांग.

तरुण: मी ठेवलं. अडीअडचणीला.

उदाजीराव: हं. तरी बरं, देवीच्या दारात उभा आहेस. तिथेच काय ते कबूल कर.

नीतू: हॅलो. सापडला.

उदाजीराव: माळ्यावर?

नीतू: माळ्यावर नाही. कारखान्यात. लेथच्या शेजारी, पाटावर, पूजेत. बाबांनी सकाळी स्वतः काढला. मला म्हणाले, तुझी किल्ली देवासला गेली, मग आपल्या पूजेत तुझं काहीच नको का? पुसला, हळदकुंकू वाहिलं, चार्जर लावला. चालू असलेलं बरं दिसतं म्हणून चालू पण केला. साडेनऊच्या सुमाराला.

तरुण: आणि ते अ‍ॅप?

नीतू: चालू झालं की आपोआप उघडतं. जुन्या सगळ्या दारांवर थाप मारतं. सगळी बंद होती. एक उघडं होतं.

तरुण: सॉरी, यार.

उदाजीराव: पण मग कॉम्प्रेसर कोण बंद करतंय? पाटाजवळ कोणी बसलंय?

नीतू: नारळ बसलाय.

उदाजीराव: काय बसलंय?

नीतू: नारळ, भैयासाहेब. कीबोर्डवर नारळ ठेवलाय, खाली विड्याची पानं. वरच्या रांगेतली नववी चावी दाबली गेलीय. एफ नाइन. आपल्या प्रोग्राममध्ये एफ नाइन म्हणजे थांबवा. घाईच्या वेळी बरं पडतं म्हणून तो शॉर्टकट मीच ठेवला होता.

तरुण: हे भास्करला सांगू? तो तिकडे लिंबू कापायला निघालाय.

उदाजीराव: हसू नकोस. नीतू, उचल तो नारळ.

नीतू: बाबा उचलू देत नाहीत.

उदाजीराव: अं?

नीतू: दारात उभे आहेत. म्हणताहेत, उद्यापर्यंत कशालाही हात लावायचा नाही. मी सतवासचं सांगितलं, पोत्यांचं सांगितलं. म्हणाले, उदाजीरावांनी उचललं का?

तरुण: लो. झालं.

उदाजीराव: त्यांना सांग, नाही उचललं. खरं तेच सांग. पण लॅपटॉप किल्लीपाशी नेला.

नीतू: मी पण नारळाला हात लावत नाही. घरातल्या इंटरनेटच्या डब्याची वायर काढते. डबा पूजेत नाही.

तरुण: तो कसा काय राहिला?

नीतू: भिंतीवर उंच आहे, बाबांचा हात पोचत नाही. काढली. भैयासाहेब, दुसरी ओळ बघा.

उदाजीराव: आहे अजून. अ‍ॅडमिन. आहे. गेली. गेली, नीतू. आता एकच नाव आहे.

नीतू: तरुण, भास्करला सांग, एकदा दाब.

तरुण: सांगितलं. दाबतोय म्हणे. जय भवानी म्हणून दाबला.

उदाजीराव: हिरवं. हिरवंच आहे. पाच सेकंद. दहा. राहिलं.

नीतू: अकरा वाजून नऊ मिनिटं. लिहून ठेवा. आणि ते जुनं अ‍ॅप सतवासवरून आत्ताच काढा, मी सांगते तसं दाबत जा. तरुणच्या खुणेवर आता माझा विश्वास नाही.

तरुण: बरोबर आहे. मी ऐकून घेतो.

नीतू: डावीकडे खाली, सेटिंग. मग प्रोग्राम. मग त्याचं नाव, आणि काढा.

उदाजीराव: काढलं. विचारतंय, का काढताय? कारण लिहा.

नीतू: सोडून द्या.

उदाजीराव: छान. म्हणजे नवं हत्यार अडवत होतं असं मी म्हणत होतो, आणि आत घुसलं होतं ते जुनंच. बरं झालं कळलं. आता सगळे दोन घास खाऊन घ्या.

नीतू: भैयासाहेब, अजून एक. आता गावांच्या यादीतून सरदारपूर उघडा.

उदाजीराव: सरदारपूरला काय झालं?

नीतू: आज काही नाही. अ‍ॅप काढलं तरी त्याची जुनी नोंद मशीनवर एका फाइलीत पडून राहते. ऑगस्टमध्ये आपण सगळ्यांनी फक्त अ‍ॅडमिन हा शब्द वाचला आणि थांबलो. कॉम्प्युटरचं नाव पुढच्या रकान्यात असतं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं.

तरुण: नीतू, राहू दे ना. सणाचा दिवस आहे. ते मिटलंय आता.

नीतू: मिटलेलं नाही. उघडा, भैयासाहेब.

उदाजीराव: नक्की? तिथे काहीही निघू शकतं.

नीतू: म्हणूनच. अठरा ऑगस्ट, अकराच्या पुढे.

उदाजीराव: थांब, बारीक अक्षर आहे. सोळा. सतरा. अठरा. अकरा वाजून दहा. अ‍ॅडमिन.

नीतू: पुढे.

उदाजीराव: नीतू-ओल्ड.

तरुण: भिया…

नीतू: लिहून घ्या. तारीख, वेळ, नाव.

उदाजीराव: त्या वेळी तू कुठे होतीस?

नीतू: नव्या लॅपटॉपवर, तरुणबरोबर. मनावर गावच्या कामाचं बोलत होतो.

तरुण: हे खरं आहे, भैयासाहेब. तास-दीड तास. मी तेव्हा पण सांगितलं असतं, पण मला कोणी विचारलं नाही.

उदाजीराव: आणि तू आपणहून सांगितलं नाहीस.

तरुण: नाही सांगितलं.

उदाजीराव: मग जुना कोणाच्या हातात होता?

नीतू: माहीत नाही. त्याला पासवर्डच नव्हता. भावाची चिऊ त्यावर कार्टून बघायची म्हणून मीच काढला होता. घरात पाच माणसं आहेत. चिऊ असेल, वहिनी असेल, बाबा असतील. मीच उघडा टाकून गेले असेन आणि वर कोणीतरी भाजीची पिशवी ठेवली असेल. त्या तासात त्यावर काय काय उघडलं होतं ते त्या लॅपटॉपमध्येच कळेल. बाहेरून नाही.

उदाजीराव: मग उचल नारळ आणि बघ. मघाशी तर माझ्या चौरंगावर चढाई केली होतीस.

नीतू: तिथे सतवासचा माल अडला होता. ह्या नारळाखाली फक्त माझं नाव आहे. ते उद्यापर्यंत थांबेल.

तरुण: आणि करार?

उदाजीराव: दोन सतराच्या आधी कुठलीच सही नाही. उद्या नीतू आधी काय ते सांगेल, मग बघू. सतवास किती आहे आता?

नीतू: भास्करचा फोटो आत्ताच आला. अकरा वाजून छत्तीस मिनिटं, पाच पॉइंट नऊ.

उदाजीराव: आणि त्याच्या आधीचा?

नीतू: सव्वाअकराचा. तोही पाच पॉइंट नऊ. चढायचं थांबलंय. उतरलेलं नाही अजून.